नॅब-पॅक्लिटॅक्सेलच्या नळीत तुंबलेला फिल्टर: डे-केअर केमो विभागातलं एक प्रकरण

हे प्रकरण उत्तर महाराष्ट्रातल्या एका विश्वस्त रुग्णालयाच्या केमोथेरपी डे-केअर विभागातलं आहे. तिथे केमोची औषधं तयार करण्याच्या खोलीची जबाबदारी माझ्याकडे आहे, आणि घटनेनंतरची चौकशीही माझ्याकडेच आली. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले, ते मात्र तसंच ठेवलं आहे.

शिरेतून औषध देण्याच्या नळीत फिल्टर, म्हणजे बारीक गाळणी, लावायचा की नाही, हे औषधाच्या नावावरून ठरत नाही. ते औषध कशात आणि कसं बनवलं आहे त्यावरून ठरतं. म्हणून ‘फिल्टर हवा’ किंवा ‘फिल्टर नको’ हे डोसच्या शेजारी लिहिलंच पाहिजे. हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण तेवढंच.

पार्श्वभूमी

रुग्ण पन्नाशी ओलांडलेल्या, शेतकरी कुटुंबातल्या. विभागात सगळे त्यांना मावशी म्हणायचे, मीही इथे तसंच म्हणते. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झालेली, आता फुफ्फुसात गाठी आलेल्या. मधुमेह जुना. सोबत नेहमी थोरला मुलगा.

केमोच्या पहिल्या सायकलला, म्हणजे फेरीला, डॉक्टरांनी साधं पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचं औषध दिलं होतं. शरीराचं क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर, त्यामुळे १७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर या हिशोबाने सुमारे २६० मिलिग्रॅम. काचेच्या बाटलीतल्या ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, पीव्हीसी प्लॅस्टिक नसलेल्या सेटमधून (नळीच्या जोडणीतून), ०.२ मायक्रॉनच्या इन-लाइन, म्हणजे नळीतच बसवलेल्या, फिल्टरसह, तीन तासांत द्यायचं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड आणि एविल हे अॅलर्जीचं औषध आधी दिलेलं होतं. तरीही पहिल्या दहा मिनिटांतच मावशींचा चेहरा लालबुंद झाला, छाती आवळली, कंबर दुखायला लागली आणि वरचं बीपी ८४ वर आलं. सिस्टरांनी तत्काळ औषध थांबवलं आणि पुढचे उपचार झाले. संध्याकाळपर्यंत मावशी सावरल्या, पण स्टेरॉईडमुळे दोन दिवस साखर वर राहिली.

मुलाने तेव्हा विचारलं होतं, ‘‘गाळणी लावली होती ना, मग असं कसं झालं?’’ प्रश्न रास्त होता. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या, एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, भरतात. सलाईनमध्ये मिसळल्यावर हे द्रावण तसं काठावरच उभं असतं. फार हलवलं, फार वेळ ठेवलं तर त्यातून औषधाचे बारीक तंतू, स्फटिक वेगळे होऊ शकतात. ते रक्तात जाऊ नयेत म्हणून ०.२२ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक छिद्रांचा फिल्टर लावायचा असतो. हेच क्रेमोफोर साध्या पीव्हीसी नळीतून डीईएचपी हे रसायन ओढून घेतं, म्हणून सेटही वेगळा. पण अशी रिअॅक्शन येते ती मुख्यतः क्रेमोफोरमुळे, आणि ते द्रावणात मिसळलेलं असतं. फिल्टर कण अडवतो. अॅलर्जी अडवणं त्याच्या हातात नाही.

जाता जाता सांगते, पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून हे औषध वेगळं काढून १९७१ मध्ये त्याची रचना जगापुढे मांडणाऱ्या संशोधकांपैकी मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. अमेरिकेत वापराची परवानगी मिळायला त्यानंतर १९९२ उजाडलं. मधल्या काळातली एक मोठी अडचण हीच होती, की पाण्यात न विरघळणारं हे औषध शिरेतून द्यायचं कसं.

पहिल्या रिअॅक्शननंतर डॉक्टरांपुढे तीन वाटा होत्या. जास्त पूर्व-औषधं देऊन, अगदी हळू वेगाने तेच पुन्हा देणं, त्याच टॅक्सेन गटातल्या डोसिटॅक्सेलकडे वळणं, किंवा पॅक्लिटॅक्सेलचंच वेगळं रूप असलेलं नॅब-पॅक्लिटॅक्सेल. बीपी इतकं पडलं होतं की पहिली वाट त्यांनी सोडली. डोसिटॅक्सेललाही स्टेरॉईड लागलंच असतं आणि साखरेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. नॅब-पॅक्लिटॅक्सेलमध्ये क्रेमोफोर नसतं. औषध मानवी अल्ब्युमिन या प्रथिनाला जोडलेलं असतं आणि त्याचे साधारण १३० नॅनोमीटरचे (०.१३ मायक्रॉनचे) कण सलाईनमध्ये तरंगत असतात. टॅक्सेन गटातल्या एका औषधाची रिअॅक्शन आलेल्या रुग्णाला दुसऱ्याचीही येऊ शकते, म्हणून बारीक लक्ष ठेवण्याची सूचना देऊन डॉक्टरांनी हे औषध निवडलं. डोस २६० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे ३९० मिलिग्रॅम. १०० मिलिग्रॅमच्या चार व्हायल. त्या घरच्यांनी स्वतःच्या पैशाने आणल्या होत्या, आणि पुढे एका निर्णयात ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

अडचण

दुसऱ्या सायकलच्या दिवशी तयारी व्यवस्थित झाली. प्रत्येक व्हायलमध्ये २० मिली सलाईन, आतल्या भिंतीवरून, किमान एक मिनिट घेऊन. मग पाच मिनिटं स्वस्थ ठेवायचं आणि नंतर फेस न आणता दोन मिनिटं हळुवार फिरवायचं. दुधासारखं एकसारखं मिश्रण तयार होतं, त्याच्या १ मिलीत ५ मिलिग्रॅम औषध असतं. हे आणखी पातळ करायचं नसतं. रिकाम्या निर्जंतुक बॅगमध्ये ७८ मिली भरलं, वेळ लिहिली सकाळी १०:४०.

बॅगेसोबत स्टोअरमधून सेट आला तो नेहमीचा, फिल्टर जोडलेला. विभागात त्याला सगळे ‘पॅक्ली सेट’ म्हणत. इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, ‘पॅक्लिटॅक्सेल’ दिसलं की बाटलीबरोबर तो सेट द्यायचा, ही कित्येक वर्षांची पद्धत. सिस्टरांनी सेट सलाईनने प्राइम केला, म्हणजे नळी आधी सलाईनने भरून घेतली, फिल्टर उलटा धरून त्यातली हवा काढली, पंपावर ताशी १५६ मिली वेग लावला. ११:२० ला औषध सुरू झालं. नवव्या मिनिटाला पंप वाजला: ऑक्लूजन, पुढच्या बाजूला अडथळा.

सिस्टरांनी ते कसं तपासलं हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. त्यांनी आधी मावशींचा हात पाहिला. सूज नाही, लाली नाही, दुखत नाही. नळीला पीळ नाही, क्लॅम्प उघडा. पंप थांबवून त्यांनी फिल्टरच्या खालच्या वाय-पोर्टला (नळीच्या बाजूच्या तोंडाला) सलाईनची सिरिंज लावली, हलकेच मागे ओढली तर रक्त आलं, पुढे ढकलली तर सलाईन विनासायास गेलं. म्हणजे कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) आणि शीर दोन्ही ठीक. मग त्यांनी फिल्टर उजेडाकडे धरला. वरची नळी दाट पांढरी, खालची अगदी फिकी, पाणचट. अडथळा फिल्टरमध्येच होता.

हे पाहून मुलगा म्हणाला, ‘‘सिस्टर, दूध फाटलं की काय?’’ आणि मावशी घाबरून उठायला लागल्या, ‘‘मागच्या वेळेसारखं व्हतंय का मला?’’ सिस्टरांनी त्यांचा हात धरून सांगितलं, ‘‘मावशी, तुमच्यात काही बिघाड नाही. नळीत अडकलंय. औषध बंद केलंय, डॉक्टरांना बोलावते.’’ बीपी, नाडी, ऑक्सिजन मोजले, सगळं ठीक होतं. मागच्या वेळी रिअॅक्शन आलेली असताना आधी रुग्णाकडे पाहायचं आणि मग यंत्राकडे, हा क्रम त्यांनी मोडला नाही.

कारण गुंतागुंतीचं नव्हतं. कणांचं सरासरी माप फिल्टरच्या छिद्रापेक्षा लहान असलं, तरी सगळे कण एकाच मापाचे नसतात, आणि प्रथिनांनी वेढलेले असे असंख्य कण बारीक पडद्यावर सतत येत राहिले की पडदा बुजतो. नॅब-पॅक्लिटॅक्सेलच्या माहितीपत्रकांत १५ मायक्रॉनपेक्षा बारीक फिल्टर तुंबू शकतो, असा इशारा आलेला आहे. व्हायलच्या खोक्यात ते पत्रक होतंच, पण घडी न उलगडता तसंच राहिलं होतं.

समोर असलेले पर्याय

पलंगाजवळ पाच मिनिटांत पाच सूचना आल्या.

पंपाची दाबाची मर्यादा वाढवून पाहू, असं एकाने सुचवलं. ही सगळ्यात धोक्याची सूचना होती. दाबाखाली जोड सुटला असता तर केमोचं औषध रुग्णाच्या अंगावर, सिस्टरांच्या तोंडावर उडालं असतं. फिल्टरचा पडदा फाटला असता तर साचलेला थर एकदम शिरेत गेला असता. सलाईनने जोर लावून फिल्टर मोकळा करायची सूचनाही त्याच कारणाने बाद झाली.

दुसरा पॅक्ली सेट लावू, असंही कोणीतरी म्हणालं. विभागात फिल्टर बंद पडला की बदलायचा, अशी सवय असल्याने हे पटकन सुचतं. पण नवा फिल्टरही दहा मिनिटांत तुंबला असता, आणि प्रत्येक सेटमागे आणखी औषध वाया गेलं असतं.

चौथा पर्याय, सगळं टाकून उद्या नव्याने सुरुवात. तो वरवर सुरक्षित वाटतो. पण मावशींना थोडं औषध गेलेलं होतं, बॅगेतलं बाकीचं उत्तम स्थितीत होतं, आणि चार नव्या व्हायल आणायच्या कुठून हा प्रश्न होता.

पाचवा पर्याय, फिल्टर नसलेल्या साध्या सेटमधून उरलेलं देणं. साध्या सलाईन सेटच्या ड्रिप चेंबरच्या तळाशी १५ मायक्रॉनची जाळी असतेच. म्हणजे मोठा धागा, रबराचा तुकडा अडेल आणि औषध मोकळं जाईल.

काय केलं

डॉक्टरांनी पाचवा पर्याय निवडला, पण तिघांनी तीन गोष्टी तपासल्यावरच. बॅगेतलं मिश्रण मी आणि सिस्टर इन्चार्ज, दोघींनी उजेडात पाहिलं. एकसारखं दुधी होतं, गुठळी नाही, तंतू नाहीत. हे पाहायचं विशेष कारण म्हणजे सिलिकॉन तेल लावलेल्या सिरिंज किंवा बॅगेशी संपर्क आला तर या औषधात प्रथिनांचे धागे तयार होऊ शकतात. वेळ तपासली: बॅग १०:४० ची, खोलीच्या तापमानाला चार तासांची मुदत, म्हणजे २:४० पर्यंत वाव होता. मावशींची तपासणी डॉक्टरांनी स्वतः पुन्हा केली.

जुना सेट काढताना सिस्टरांनी नायट्राईल ग्लोव्हजच्या दोन जोड्या आणि गाऊन घातला, जोडाखाली प्लॅस्टिकच्या अस्तराचं पॅड, जोडाभोवती गॉज. फिल्टर कापून आत काय आहे ते बघावं, असं एका प्रशिक्षणार्थी मुलाच्या मनात होतं. कुतूहल चांगलं आहे, पण केमोने भरलेला फिल्टर वॉर्डात कापायचा नाही. सेट तसाच सीलबंद करून सायटोटॉक्सिक (पेशींना घातक) खूण असलेल्या पिवळ्या पिशवीत गेला. आपल्या २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा १२०० अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानाला जाळायचा असतो.

डोसचा हिशोब

खरा पेच इथे होता, आणि अशा प्रसंगांत नेमका तो घाईत सुटतो.

पंपाने २२ मिली गेल्याचं दाखवलं होतं. म्हणजे ११० मिलिग्रॅम गेलं, असं धरून बाकीचं ५६ मिली देऊन मोकळं होता आलं असतं. पण सेट औषधाने भरलेला नव्हता, सलाईनने प्राइम केलेला होता. त्याच्या नळीत आणि फिल्टरमध्ये मिळून सुमारे १५ मिली मावतं. त्यामुळे पहिले १५ मिली मावशींना गेलं ते सलाईन. औषध गेलं असेल तर त्यानंतरचं ७ मिली, म्हणजे फार तर ३५ मिलिग्रॅम, आणि त्यातलंही काही फिल्टरवर थांबलेलं. जुन्या सेटबरोबर निदान ७५ मिलिग्रॅम पिवळ्या पिशवीत गेलं होतं.

बॅगेत उरलेलं ५६ मिली म्हणजे २८० मिलिग्रॅम. तेवढंच दिलं असतं तर ठरलेल्या डोसच्या ७२ ते ८१ टक्के पोचलं असतं. आजार पसरलेला असताना डॉक्टर कधीकधी डोस तेवढा कमी करतातही, पण तो ठरवून. नळीतल्या बिघाडाने तो कमी व्हावा हे डॉक्टरांना मान्य नव्हतं. नळीतलं औषध बॅगेत परत घ्यावं का, हा प्रश्न निघाला. एकदा रुग्णाला जोडलेल्या नळीतलं काहीही बॅगेत परत घ्यायचं नाही, यावर दुमत नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. विभागाच्या साठ्यातली एक नवी व्हायल काढायची आणि फक्त ७५ मिलिग्रॅम, म्हणजे १५ मिली, भरून द्यायचं. मग २८० आणि ७५ मिळून ३५५ मिलिग्रॅम नक्की पोचतं. आधी गेलेलं शून्य धरलं तर ९१ टक्के, ३५ धरलं तर बरोबर ३९०. अंदाज कुठल्याही टोकाला चुकला तरी डोस ठरल्यापेक्षा वर जात नव्हता. मला हा निर्णय आजही पटतो. मोजता न येणारा भाग मान्य करून, तो रुग्णाच्या अंगावर उलटणार नाही अशा बाजूला ठेवला होता.

व्हायलचे पैसे कोणी द्यायचे, यावर सिस्टर इन्चार्ज स्पष्ट बोलल्या. ‘‘यात त्यांचा काय दोष? बिल विभागावर टाका.’’ प्रशासनाने ते मान्य केलं. डॉक्टरांनी मुलाला बाजूला बसवून घडलेलं सगळं सांगितलं: नळी चुकीची लागली, औषध खराब झालेलं नाही, थोडं वाया गेलं ते रुग्णालय भरून देतंय. मुलाने एवढंच विचारलं, की हे फाईलमध्ये लिहाल का. लिहिलं.

परिणाम

१२:०५ ला साध्या सेटमधून औषध पुन्हा सुरू झालं. नंतर १५ मिलीची दुसरी छोटी बॅग, आणि शेवटी नळीतलं सगळं पोचावं म्हणून सलाईनचा फ्लश. पाऊण वाजेपर्यंत पूर्ण. रिअॅक्शन आली नाही. तासभर देखरेखीखाली ठेवून मावशींना घरी सोडलं.

पुढच्या सायकली साध्या सेटमधून अर्ध्या तासात सुरळीत झाल्या. पायांना मुंग्या येऊ लागल्या, जो या औषधाचा ठाऊक असलेला त्रास आहे, आणि त्यासाठी नंतर डोस कमी करावा लागला. मधल्या स्कॅनमध्ये फुफ्फुसातल्या गाठी लहान झालेल्या दिसल्या. दुसऱ्या सायकलच्या त्या गोंधळाचा त्यावर चांगला-वाईट परिणाम झाला, असं कोणत्याच बाजूने म्हणता येणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

चौकशीत एका व्यक्तीकडे बोट दाखवणं सोपं होतं. सेट स्टोअरने दिला, सिस्टरांनी जोडला. पण दोघांनीही विभागाची पद्धत पाळली होती, आणि पद्धतच एकाच पॅक्लिटॅक्सेलसाठी बनलेली होती. अमेरिकेत नॅब-पॅक्लिटॅक्सेल २००५ मध्ये आलं, आपल्याकडेही ते आता नवं राहिलेलं नाही. त्याखेरीज नॅनो तंत्राची आणखी रूपं बाजारात आहेत, प्रत्येकाची सूचना वेगळी. ही रूपं एकमेकांच्या जागी वापरायची नाहीत, हे आम्ही डोसपुरतं पाळत होतो, नळीपुरतं पाळत नव्हतो.

सगळ्यात आधी अडवता आलं असतं ते ऑर्डर लिहिताना. तिथे औषध, डोस, वेग होता. सेट आणि फिल्टर यांना रकानाच नव्हता. आता आहे, आणि तो रिकामा ठेवता येत नाही. ‘फिल्टर ०.२’, ‘फिल्टर नको’ किंवा ‘साधा सेट चालेल’ यांपैकी एक लिहावंच लागतं. तेच शब्द तयार बॅगेच्या लेबलवर छापले जातात, म्हणजे पलंगाजवळच्या सिस्टरांना स्मरणशक्तीवर अवलंबून राहावं लागत नाही. स्टोअर आता सेट परस्पर देत नाही, तो बॅगेबरोबर तयारीच्या खोलीतूनच जातो. ‘पॅक्ली सेट’ हे नाव बंद करून रॅकवर ‘०.२ मायक्रॉन, पीव्हीसी-मुक्त’ असं लिहिलं.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. या प्रकरणात पंप वाजला म्हणून कळलं. उलटी चूक झाली असती, म्हणजे फिल्टर हवा असलेलं औषध फिल्टरशिवाय गेलं असतं, तर काहीच वाजलं नसतं. म्हणून चौकशी एका औषधापुरती न ठेवता आम्ही विभागातल्या सगळ्या औषधांची पत्रकं बाहेर काढली. कॅबाझिटॅक्सेलला ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लागतो. टेमसिरोलिमसला ५ मायक्रॉनपर्यंतचा चालतो. ट्रास्टुझुमॅब एमटान्सिनला ०.२ किंवा ०.२२, तोही पॉलिइथरसल्फोन या प्लॅस्टिकचा. निव्होलुमॅबला ०.२ ते १.२, पेम्ब्रोलिझुमॅबला ०.२ ते ५, आणि दोन्हींसाठी प्रथिनं कमी चिकटणारा. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनला इन-लाइन फिल्टर लावायचाच नाही, आणि ते फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचं. साध्या डॉक्सोरुबिसिनच्या सवयीने तिथेही हात चुकू शकतो. ही यादी भिंतीवर आहे, पण तिच्यावर भिस्त नाही. कंपनी बदलली की पत्रक पुन्हा वाचायचं, आणि वाचणाऱ्याची सही घ्यायची.

तिसरी गोष्ट खरेदीची. फिल्टर सेटलाच चिकटवलेला होता, म्हणून तो बाजूला काढता आला नाही आणि नळीतलं ७५ मिलिग्रॅम गेलं. सुटा, ल्युअर जोडाचा (काढता-घालता येणाऱ्या जोडाचा) फिल्टर असता तर निदान वरच्या नळीतलं औषध वाचवण्याचा विचार करता आला असता. पण सुट्या फिल्टरमध्ये एक जोड वाढतो, जोड वाढला की गळतीची जागा वाढते, आणि घाईच्या दिवशी तो लावायचा राहून जाण्याचा धोका असतो. आमच्यात यावर बराच वाद झाला. साध्या पॅक्लिटॅक्सेलसाठी जोडलेलाच सेट ठेवायचा, बाकी औषधांसाठी सुटे फिल्टर घ्यायचे, असं सध्या ठरलं आहे. सुट्या फिल्टरचा साठा, बॅच आणि कोणत्या औषधासाठी तो गेला, याची नोंद दर आठवड्याला तयारीच्या खोलीत तपासली जाते.